कंबरेला दिवसभर पिस्तूल बाळगायचं, तर होल्स्टर कुठलं?

शंकासुर

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीत लपवून पिस्तूल बाळगायचा परवाना अखेर हातात पडला. जून २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाचा ब्रुएन निकाल येईपर्यंत इथे सामान्य माणसाला तो मिळणं जवळपास अशक्यच होतं, हे जुन्या मंडळींना माहीत आहेच. पिस्तूल ग्लॉक १९. रेंजवर बरीच वर्षं तेच चालवतोय, हाताला बसलंय, बदलायचा विचार नाही. घोडं अडलंय ते होल्स्टरपाशी, म्हणजे पिस्तूल कंबरेला धरून ठेवणाऱ्या म्यानापाशी.

माझा दिवस निम्मा खुर्चीत जातो, उरलेला गाडीत. पोट थोडं सुटलंय (बायको 'थोडं' या शब्दाला हरकत घेते). शर्ट बाहेर सोडलेला चालतो. प्रशिक्षक म्हणतो, कायडेक्सच (कडक प्लॅस्टिकचंच) घे आणि पुढे लाव, अपेंडिक्सला. रेंजवरचा एक जुना मित्र म्हणतो, चामड्याचं घे आणि उजव्या कुशीमागे लाव, बाकी सगळी फॅडं. दोघंही आपापल्या जागी ठाम.

तर पुढे की कुशीला? कायडेक्स की चामडं? आणि 'हे होल्स्टर सुरक्षित आहे' हे दुकानदाराच्या शब्दावर न जाता माझं मी कसं ठरवू?

'मुळात पिस्तूल हवंच कशाला' यावर वेगळा धागा आहे, तिथे मी मार खायला हजर असेन. इथे फक्त होल्स्टर.

---

आगाऊ कार्टं

मुळात पिस्तूल हवंच कशाला?

(पळालो.)

---

सरळसोट

कार्ट्या, ती विनंती तुझ्यासाठीच होती.

शंकासुर, तुमचा तिसरा प्रश्न आधी घ्या. होल्स्टरकडून मी चार कामांची अपेक्षा ठेवतो, आणि त्यातलं पहिलं जमत नसेल तर उरलेली बघायचीच नाहीत. पहिलं, ट्रिगर गार्ड (चापाभोवतीची कडी) पूर्ण झाकलेलं हवं, आणि तेही कडक वस्तूने. वरून बोटाने दाबलं तर चापापर्यंत दाब पोचता कामा नये. दुसरं, उडी मारली, वाकलात, पडलात तरी पिस्तूल जागेवर राहिलं पाहिजे. तिसरं, पिस्तूल बाहेर काढल्यावर होल्स्टरचं तोंड उघडंच राहिलं पाहिजे, म्हणजे दुसऱ्या हाताने ते फाकवायची वेळ येत नाही. फाकवायला गेलात की आपलाच हात आपल्याच नळीसमोर. चौथं, पिस्तूल आत असतानाच मुठीवर पूर्ण पकड बसली पाहिजे. अर्धवट पकडून ओढायचं आणि हवेत पकड सुधारायची, हे चालणार नाही.

तुमच्याच राज्याने तर हे कायद्यात घातलंय. डिसेंबर २०२२ मध्ये जो नवा कायदा झाला त्यात होल्स्टरची व्याख्या आहे: पिस्तूल घट्ट धरून ठेवणारं, त्याचा मुख्य भाग झाकणारं, ते एकाच ठरावीक जागी ठेवणारं, आणि पूर्ण आत बसवल्यावर चाप झाकला जाऊन तिथे बोट पोचणार नाही असं. न्यू जर्सी विधिमंडळाशी माझं फारसं कशावर पटत नाही, पण ही व्याख्या कोणी जाणकाराने लिहिलेली दिसते.

'कुठल्याही पिस्तुलाला चालेल' अशी नायलॉनची पिशवी मिळते, तिच्याकडे ढुंकूनही बघू नका. मोबाइलचं कव्हरसुद्धा आपण मॉडेल बघून घेतो.

---

निवांत_नाना

तुमच्या मित्राला माझा नमस्कार सांगा. शहाणा माणूस आहे.

कायडेक्स कायडेक्स करतात सगळे. प्लॅस्टिकचा पत्रा तापवून पिस्तुलावर दाबायचा, झालं होल्स्टर. चांगलं चामडं आठ-पंधरा दिवसांत तुमच्या कंबरेचा आकार घेतं, बरगडीला टोचत नाही, आवाज करत नाही, शर्टाची अस्तरं फाडत नाही. ब्रूस नेल्सन नावाचा कॅलिफोर्नियातला साध्या वेशात काम करणारा अधिकारी होता, त्याने पँटीच्या आत घालायचं 'समर स्पेशल' काढलं. चामड्याची खरखरीत बाजू बाहेर, म्हणजे कपड्याला धरून राहतं आणि पिस्तुलाला गुळगुळीत बाजू मिळते. तोंडाशी आत धातूची पट्टी, म्हणजे तोंड मिटत नाही. मिल्ट स्पार्क्सने ते बनवून विकलं आणि आजही लोक त्याच्या नकला करतात. सरळसोट, तुमची तिसरी अट त्या माणसाने कायडेक्सचा बोलबाला व्हायच्या कितीतरी आधी पुरी केली होती.

---

डावखुरा

नाना, समर स्पेशलबद्दल आदर आहेच. पण ते चांगलं चामडं झालं. बाजारात जे मऊ लुसलुशीत स्वस्त चामडं मिळतं त्याचं काय? वर्षभर घाम प्यायल्यावर तोंडाची कड सैल पडते, आत दुमडते, आणि एक दिवस पिस्तूल परत घालताना ती घडी ट्रिगर गार्डमध्ये शिरते. माणूस वरून दाबतो, चाप जागेवरच अडकतो, गोळी सुटते. असे प्रकार घडलेले आहेत आणि ते बरोब्बर मांडीच्या बाजूला घडतात. ग्लॉकला अंगठ्याने चालवायचं वेगळं सेफ्टी नाही. त्याचं एक सेफ्टी चापातच आहे, आणि चाप दाबला की तेही आपोआप सुटतं.

शिवाय चामडं ओलावा धरून ठेवतं. पिस्तूल रात्री त्यातच ठेवलं की गंज. क्रोमने कमावलेलं असेल तर त्यातले क्षार आणखी हातभार लावतात.

---

निवांत_नाना

म्हणून तर वनस्पतीच्या अर्काने कमावलेलं घ्यावं, आणि रात्री पिस्तूल बाहेर काढून पुसून ठेवावं. आम्ही पुसतो. तुमची पिढी फक्त फोनची काच पुसते.

आणि कायडेक्सचं उन्हात काय होतं ते पण सांगा की. बंद गाडीत डॅशबोर्डवर राहिलं तर वाकडं होतं.

---

डावखुरा

डॅशबोर्डवर होल्स्टर ठेवणाऱ्याचा परवाना आधी काढून घ्यावा. :)

पण मुद्दा बरोबर आहे. तेच उष्णतेने मऊ होणं कामालाही येतं. एखादी कड टोचत असेल तर हीट गनने जपून तापवून ती जराशी बाहेर वळवता येते. फक्त ट्रिगर गार्डच्या भागाला हात लावायचा नाही, कारण पिस्तूल 'टक्' करून बसतं ते तिथेच.

---

टेक्सासची सून

दोघंही भांडा, पण शंकासुरांनी विचारलंय 'दिवसभर'चं, आणि त्यात पट्ट्याचं नाव अजून कोणी काढलं नाही!!

भरलेलं ग्लॉक १९ साधारण ८५० ग्रॅम भरतं. ऑफिसच्या मऊ पट्ट्यावर हे वजन टांगलं की पट्टा खाली ओघळतो, मूठ बाहेर झुकते, मग तुम्ही पट्टा आणखी आवळता, मग पोटात कळ येते, आणि दोष होल्स्टरला. दीड इंच रुंद, आडवा कडक, म्हणजे उभ्या दिशेने पिळला न जाणारा पट्टा घ्या. शक्यतो भोकांच्या ऐवजी बारीक दात्यांवर सरकणारा. जेवण झाल्यावर एक दाता सैल करता येतो, आणि तेवढ्याने होणारा फरक केल्याशिवाय कळणार नाही.

होल्स्टरच्या क्लिपाही त्याच रुंदीच्या हव्यात. दीड इंची पट्ट्यावर पावणेदोन इंची क्लिप लावली की होल्स्टर दिवसभर पुढे-मागे खेळत राहतं.

---

शंकासुर

ताई, हे कोणीच सांगितलं नव्हतं. माझा सध्याचा पट्टा वाढदिवसाला मिळालेला आहे, आणि तो 'मऊ इटालियन' असल्याचं देणाऱ्याने कौतुकाने सांगितलं होतं.

---

आगाऊ कार्टं

म्हणजे पिस्तुलासकट पँट खाली आली तर पोलीस आधी कुठल्या कलमाखाली पकडणार?

---

मृदुला_ट

वाचतेय. एक भाबडा प्रश्न: अपेंडिक्स म्हणजे नेमकं कुठे? आणि लोक 'चार वाजता' वगैरे का म्हणतात?

---

सरळसोट

मृदुला, घड्याळाची तबकडी कंबरेभोवती आडवी ठेवलीय असं समजा. बेंबी म्हणजे बारा, उजवी कुशी तीन, पाठीचा कणा सहा. उजव्या हाताच्या माणसासाठी अपेंडिक्स म्हणजे साधारण साडेबारा ते दीडच्या मधली जागा. कुशीवाले तीन ते साडेचारच्या मध्ये लावतात.

सहा वाजता मात्र लावू नका. पाठीवर पडलात तर मणक्याखाली लोखंड येतं, बसल्यावर रुततं, आणि वाकलात की मागच्या सगळ्या रांगेला दर्शन. सिनेमातला हिरो तिथेच खोचतो, तेही होल्स्टरविना, आणि लगेच भिंतीवरून उडी मारतो. त्याला पुढचा सीन असतो, आपल्याला फिजिओथेरपी.

---

रिटायर्ड फौजदार

मी महाराष्ट्र पोलिसात होतो. आमच्याकडे लपवायचा प्रश्नच नव्हता. चामड्याचं झाकणवालं होल्स्टर उघड पट्ट्यावर, आणि रिव्हॉल्व्हरला लॅनयार्ड. म्हणजे दोरी. दोरीचा उपयोग एवढाच, की झटापटीत हत्यार हातातून सुटलं तरी अंगाला अडकून राहतं. तुम्हा मंडळींची साध्या कपड्यातली गोष्ट वेगळी. पण एक सांगतो. नवीन माणूस ओळखायचा तो त्याच्या हातावरून. सारखा कंबरेला हात. चाचपतो, वर ओढतो, सरकवतो. हत्यार लपलेलं असलं तरी हात सांगून जातो.

---

सरळसोट

फौजदारकाका +१. या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच.

लोक आराम एकीकडे ठेवतात आणि सुरक्षितता दुसरीकडे. टोचणाऱ्या होल्स्टरला माणूस दिवसभर हात लावत राहतो. मग गाडीत बसल्यावर पिस्तूल काढून कप होल्डरमध्ये ठेवतो. मग एक दिवस ते टेबलाच्या खणात राहतं आणि खणाला कुलूप नसतं. ज्या होल्स्टरचा दिवसभर विसर पडतो तेच अंगावर राहतं, आणि पिस्तुलाची सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे आपल्या अंगावर, झाकलेल्या चापासकट.

---

आगाऊ कार्टं

डेन्व्हरमध्ये घडलेली एफबीआयवाल्याची गोष्ट राहिली की. जून २०१८, बारमध्ये नाच रंगात आलेला, साहेबांनी मागे कोलांटी मारली. पिस्तूल कंबरेतून सटकून जमिनीवर. साहेबांनी घाईघाईने उचललं आणि उचलतानाच गोळी सुटली, शेजारच्या माणसाच्या पायात. सगळा व्हिडिओ आहे.

माझी शिफारस: कोलांटी लेव्हल रिटेन्शन.

---

डावखुरा

हसू येतं, पण त्यात दोन धडे आहेत. पिस्तूल पडलं म्हणजे धरून ठेवायला काही नव्हतं, किंवा होतं ते सैल होतं. आणि गोळी पडल्याने सुटलेली नाही, पडलेलं झटकन पकडायला जाताना सुटली. आधुनिक पिस्तुलं सहसा नुसती पडून उडत नाहीत. पडलं तर पडू द्यावं, थांबावं, मग नीट उचलावं. चाकूला लागू होणारा नियमच इथेही.

---

सरळसोट

दुसरं टोक म्हणजे प्लॅक्सिको बरेस. न्यूयॉर्क जायंट्सचा फुटबॉलपटू, नोव्हेंबर २००८. नाइटक्लबमध्ये ग्लॉक तसंच पँटीत खोचलेलं, होल्स्टर नाहीच. ते पायाकडे घसरलं, पकडायला गेला आणि स्वतःच्याच मांडीत गोळी. न्यूयॉर्कचा परवाना नव्हता, दोन वर्षांची शिक्षा झाली. ज्याच्या जोरावर आदल्या मोसमात सुपर बोल जिंकला त्या पायाची ही गत.

---

मृदुला_ट

बापरे. पण मग रिटेन्शनच्या, म्हणजे पकडीच्या, त्या 'लेव्हल १, २, ३' असतात त्या बघून घ्यायचं का?

---

निवांत_नाना

त्याला उत्तर मी देतो, कारण ही जुन्या माणसाची गोष्ट आहे. एफबीआयमध्ये असलेल्या बिल रॉजर्सने सत्तरच्या दशकात ही पातळ्यांची पद्धत काढली. गणवेशातल्या पोलिसाचं उघडं पिस्तूल मागून कोणी हिसकलं तर ते किती टिकतं, यासाठी. त्याची पहिली पातळी अशी, की धरणाऱ्याने मूठ पकडून कुठल्याही दिशेने ५ सेकंद ओढलं तरी होल्स्टरने सोडता कामा नये. आता बरेच उत्पादक लेव्हल म्हणजे 'किती कुलपं' एवढंच धरतात. त्यामुळे एकाच्या दोन नंबरची दुसऱ्याच्या दोन नंबरशी तुलना होत नाही.

शंकासुरासारख्यांना एवढी कुलपं नकोत. कपड्याखालचं पिस्तूल हिसकायला आधी ते दिसावं लागतं. ट्रिगर गार्डला खाच धरून 'टक्' करून बसणारं आणि स्क्रूने घट्ट-सैल करता येणारं पुरे. माझ्या चामड्याला वर बटनाची पट्टी आहे, अंगठ्याने सुटते. तीही पुरे.

---

डावखुरा

नाना आणि माझं एकमत झालं, तारीख लिहून ठेवा.

पुस्ती एवढीच, की पिस्तूल ओढताना तर्जनीने बटण दाबायला लावणारी होल्स्टरं टाळा. घाईत बोट जोरात दाबलं जातं, पिस्तूल वर येतं, आणि तेच दाबलेलं बोट घसरत थेट चापावर. कितीतरी प्रशिक्षण केंद्रं ती वर्गात चालवून घेत नाहीत.

---

शंकासुर

छान माहिती मिळतेय, आभार. पण पुढे की मागे हे अजून कोणी सांगितलं नाही. पोटवाल्या माणसाने अपेंडिक्सला लावलं तर खाली वाकून बुटाची लेस बांधता येते का? आणि खरं सांगायचं तर तिथे नळी ज्या दिशेला असते ते बघून जरा... समजून घ्या.

---

आगाऊ कार्टं

वंशवृद्धी झाली असेल तर काय हरकत आहे?

---

व्यवस्थापक

कार्टं, ही शेवटची समज. विषयाला धरून लिहा.

---

डावखुरा

मी स्वतः पोटवाला आणि अपेंडिक्सवाला, त्यामुळे हे माझं खातं.

भीती रास्त आहे आणि ती राहू द्यावी. पण त्या जागी धोका असतो तो पिस्तूल परत घालताना. नुसतं बसून राहिलेलं, चाप कडक कवचात झाकलेलं पिस्तूल आपोआप काही करत नाही. म्हणून परत घालताना घाई नाही. शर्ट वर, नीट बाजूला. जॅकेटची नाडी, नाडीला ती प्लॅस्टिकची गोळी, शर्टाचं टोक, काही होल्स्टरच्या तोंडाशी नाही ना हे डोळ्यांनी बघायचं. कंबर पुढे काढून धड मागे झुकवायचं, म्हणजे नळी शरीरापासून बाहेरच्या बाजूला राहते. बोट ताठ, स्लाइडवर (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर). कुठेही अडल्यासारखं वाटलं तर दाबायचं नाही, बाहेर काढून बघायचं. याहून सोपं म्हणजे सकाळी पिस्तूल होल्स्टरमध्ये घालूनच अख्खं होल्स्टर कंबरेला चढवायचं, रात्री तसंच अख्खं उतरवायचं. कोर्टात, शाळेत नेता येत नाही तेव्हा गाडीत कुलपाच्या पेटीत ठेवावं लागतं, तिथेही हेच. पिस्तूल होल्स्टरबाहेर जितकं कमी येईल तितकं बरं.

आता आराम. पोट असलं की लोक होल्स्टर उंच चढवतात, मग मूठ पोटाच्या घडीत रुतते. माझ्यावर उपाय चालला तो उलटा: बारा वाजण्याकडे न नेता दीडच्या बाजूला सरकवा, पोट आणि मांडी यांच्या मधल्या खोबणीत. उंची एका भोकाने खाली-वर करून बघा. फार खाली गेलं तर मुठीवर पकड बसत नाही, ती मर्यादा.

दोन जोड गोष्टी बघून घ्या. एक क्लॉ. होल्स्टरच्या बाजूला असलेला पंखासारखा तुकडा, जो पट्ट्याला मागून रेटतो आणि मूठ पोटाकडे वळवतो. दुसरी वेज, म्हणजे खाली, नळीच्या टोकाशी आतल्या बाजूने लावलेली फोमची गादी. ती खालचं टोक शरीरापासून दूर ढकलते, त्यामुळे वरचा भाग आत येतो. वेजने टोचणंही कमी होतं, कारण दाब एका टोकावर न येता गादीभर पसरतो. पहिल्यांदा घरच्या फोमचा तुकडा चिकटवून बघा, जमला तर विकत घ्या.

लेस बांधायला एक गुडघा टेकायचा. पोट असलेला माणूस तसंही वाकून लेस बांधत नाही, हे आपल्यातलं आपण मान्य करू.

---

निवांत_नाना

एवढा खटाटोप! क्लॉ, वेज, फोम, भोकं. कुशीला साडेतीन-चारच्या मध्ये लावा, मूठ जराशी पुढे कलती ठेवा, अंदाजे पंधरा अंश, की मुठीचं टोक मागे न दिसता बरगडीच्या रेषेत झाकलं जातं. गाडीत सीटबेल्टचं कुलूप तेवढं नडतं. शर्टाचा घेर सीटबेल्टच्या बाहेर काढून ठेवायचा, एवढीच सवय.

---

डावखुरा

आणि वाकल्यावर शर्ट पाठीवर ताणून मूठ दिसते त्याचं काय? शिवाय गर्दीत मागून कोणी टेकलं तर तुम्हाला दिसतही नाही. पुढे असलं की निदान आपल्या दोन्ही हातांच्या आणि डोळ्यांच्या टप्प्यात असतं.

---

निवांत_नाना

मी वाकत नाही. गुडघ्यात बसतो. व्यायाम होतो. तुम्हीही करून बघा, पोट उतरेल.

---

टेक्सासची सून

:D :D

बायकांच्या बाजूने लिहायचं राहिलं होतं, ते लिहिते. आमची कंबर आणि बरगड्या यात अंतर कमी, नितंबाचा उतार जास्त. तीन-चार वाजता सरळ लावलं की उतारामुळे मूठ थेट बरगडीत घुसते. नानांचा कोन मला शून्य उपयोगाचा. आणि आमच्या निम्म्या कपड्यांना पट्टा ओवायचे लूपच नसतात.

मला सोयीचं झालं ते कपड्यांपासून वेगळं असणारं. कायडेक्सचं होल्स्टर एका छोट्या चौकटीवर, ती चौकट स्वतःच्या पातळ पट्ट्याने कंबरेला, एक पट्टी पायाला. एनिग्मा म्हणून मिळतं. वर सलवार घाला, लेगिंग घाला, फरक पडत नाही. नुसत्या कापडी पोटपट्ट्यात पिस्तूल खुपसणाऱ्या मैत्रिणी आहेत माझ्या. त्यांना मी एवढंच सांगते की रिकामं पिस्तूल आत ठेवून वरून चाप दाबून बघ. दाबला गेला तर तो पट्टा योगाच्या क्लासला ने.

पर्सबद्दल मात्र मी फार कडक आहे. पर्स आपण खुर्चीला अडकवतो, ट्रॉलीत ठेवतो, कोणाच्या तरी हातात देतो. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोत एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधून पिस्तूल काढलं आणि आई गेली. पर्स बंदुकीसाठीच बनवलेली होती, त्याला वेगळा कप्पाही होता. त्यानंतर मी हा विषय वादासाठी उघडत नाही.

---

मृदुला_ट

टेक्सासताई, हे वाचून थोडा वेळ काहीच सुचलं नाही. तुमचं पटलं.

---

रिटायर्ड फौजदार

बरोबर. अंगापासून वेगळं हत्यार आपलं राहत नाही. आमच्याकडेही हत्यार टेबलावर ठेवून चहाला गेलेल्याची खैर नसे.

---

गुपचूप_वाचक

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं ते हे विचारायला. कोणी नीट उत्तर देत नाही. स्वच्छतागृहात काय करायचं??

---

आगाऊ कार्टं

व्यवस्थापक, हा विषयाला धरून आहे, मी बोलू का?

---

सरळसोट

गुपचूप, हा अजिबात हसण्यावारी न्यायचा प्रश्न नाही. स्वच्छतागृहात पिस्तूल विसरून आलेले लोक, त्यात पोलीसही, दर थोड्या दिवसांनी बातम्यांत असतात. कारण एकच: काढून टाकीवर, कागदाच्या डब्यावर किंवा दाराच्या खुंटीवर ठेवतात.

काढायचं नाहीच. पिस्तूल होल्स्टरमध्येच राहू द्यायचं. पट्टा सोडल्यावर लगेच परत एक दाता लावून पँट गुडघ्यांपर्यंतच ठेवायची, घोट्यापर्यंत नाही, आणि पाय जरा फाकवून ताणून धरायची. म्हणजे मूठ लटकत नाही आणि शेजारच्या फटीतून कोणाला दिसत नाही. इथेही होल्स्टरची पकड घट्ट असली की निभावतं, सैल असली की पिस्तूल फरशीवर. घरी रिकाम्या पिस्तुलाने एकदा सराव करून बघाच. घरच्यांना कारण सांगायची गरज नाही.

---

टेक्सासची सून

एनिग्मावाल्यांना हा प्रश्नच येत नाही, पिस्तूल अंगावरच राहतं. फुशारकी मारतेय, मारू द्या.

---

शंकासुर

गेले काही दिवस हा धागा उघडा ठेवून खरेदी चालली आहे. जे केलं ते सांगतो.

आधी पट्टा घेतला, दीड इंची, दात्यांचा. ताई, तुमचं ऋण. नवीन होल्स्टर यायच्या आधी रेंजवरच्या ओळखीच्याकडून एक कायडेक्स उसनं आणलं, पिस्तूल रिकामं, चेंबर दोनदा बघितलं, मॅगझिन आणि गोळ्या दुसऱ्या खोलीत. मग गादीवर होल्स्टर उलटं धरून हलवलं. नुसतं सरळ धरलं तर पिस्तूल राहिलं, झटका दिला की पडलं. स्क्रू अर्धा फेरा आवळल्यावर झटक्यालाही राहिलं. तिथपर्यंत मला वाटत होतं की घट्टपणा हा होल्स्टरचा जन्मजात गुण असतो.

मग घरात घालून खुर्चीत बसलो, गाडीत बसलो, जिना चढलो. साडेबाराला बसल्यावर नळीचं टोक जांघेत रुतायचं. दीडकडे सरकवलं, खाली फोमचा तुकडा लावला, आणि रुतणं थांबलं. कुशीलाही करून बघितलं. नाना, राग मानू नका, खुर्चीला हात आहेत, मूठ दर वेळी त्याला घासते. घरी सोफ्यावर मात्र कुशीच बरी वाटली.

बायकोला समोर उभं करून विचारलं, दिसतंय का? ती म्हणाली, पोट दिसतंय. हे प्रमाणपत्र मी चौकटीत लावणार आहे.

आता प्रश्न एवढाच उरलाय की माझ्या पिस्तुलाला पुढे टॉर्च लावायचा विचार आहे. होल्स्टर आत्ता टॉर्चशिवायचं घेऊ की टॉर्चचं?

---

डावखुरा

टॉर्च नक्की लावणार असाल तरच टॉर्चचं घ्या, आणि टॉर्चचं मॉडेल आधी ठरवा. टॉर्चवाल्या होल्स्टरचा साचा पिस्तुलापेक्षा टॉर्चच्या आकारावर असतो, आणि 'टक्'ही बहुधा टॉर्चवरच बसते. टॉर्च काढून त्यात पिस्तूल ठेवलं तर ते धरलंच जात नाही. शिवाय टॉर्च आत जायला तोंड रुंद लागतं, त्यामुळे ट्रिगर गार्डच्या बाजूला फट जास्त राहते. घेताना पिस्तूल रिकामं करून आत घाला आणि वरून, बाजूने बोट चापापर्यंत जातं का बघा. काही होल्स्टरांत जातं. ती नाकारायची.

---

सरळसोट

मी तर म्हणेन, पहिलं वर्ष टॉर्चशिवाय काढा. वजन आणि जाडी दोन्ही वाढतं, आणि तुम्ही आत्ता कुठे एक जागा शोधलीय. वरच्या बाजूला मात्र रेड डॉटची (लाल ठिपक्याने नेम धरायच्या साइटची) जागा कापलेलंच घ्या. पुढेमागे साइट बदललीत तर होल्स्टर बदलावं लागणार नाही, आणि त्या कापामुळे आत्ता काही बिघडत नाही.

---

निवांत_नाना

राग कसला. एक चामड्याचं घेऊन ठेवा, रविवारी सोफ्यावर लावा.

---

आगाऊ कार्टं

बघा, सुरुवात झाली. उद्या यांचा होल्स्टरांनी भरलेला खोका असेल, आणि धागा येईल 'न वापरलेली होल्स्टरं कोणाला हवीत का'.

---

डावखुरा

माझा खोका आहे. उजव्या हाताचं काहीही मागू नका, सगळं डावखुरं आहे.

---

शंकासुर

टॉर्चशिवाय, रेड डॉटचा काप असलेलं, क्लॉवालं कायडेक्स मागवलं. दोन क्लिपांचं, एकाच क्लिपवालं जरा डुलत होतं. वेजचा फोम त्यांच्याकडचाच घेतला. रविवारच्या सोफ्याचा निर्णय नानांच्या हातून पुढे ढकलला आहे.

---

सरळसोट

आलं की आधी सगळे स्क्रू काढा, निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब लावा आणि परत बसवा. लाल नाही, निळं. लाल लावलंत तर सहजासहजी सुटणार नाहीत. आणि पहिले काही आठवडे रोज सकाळी क्लिपांचे स्क्रू बोटाने चाचपून बघा. घट्टपणाचा स्क्रू त्या दिवसांत जरा हलतो, तेव्हा तो उलटं धरून हलवायचा प्रयोगही मधूनमधून करत राहा. पिस्तूल रिकामं करूनच, हे सांगायला नको.